बटरफ्लाय मासे घरी ठेवायचे असतील तर (नाशिकच्या हवापाण्यासकट)

मीठभाकर

दुकानात "बटरफ्लाय आहे का?" विचारलं की चारातली कुठलीही एक गोष्ट समोर येते. लांब परांची बटरफ्लाय कोई, आफ्रिकेतला गोड्या पाण्याचा पँटोडॉन (हा पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि झाकण नसेल तर सरळ जमिनीवर), एखादा स्कॅट नाहीतर मोनो, आणि क्वचित खरा बटरफ्लाय. हा धागा त्या चौथ्यासाठी. खाऱ्या पाण्यातलं कीटोडॉन्टिडी कुळ, सुमारे १३० जाती, आणि त्यातल्या घरच्या टँकमध्ये टिकणाऱ्या मोजक्याच.

कीटोडॉन म्हणजे केसासारखे दात. तोंड इवलंसं, दात ब्रशच्या केसांसारखे, पोट लहान. समुद्रात हा मासा दिवसभर खडक टिपत फिरतो. एका वेळी पोटभर जेवून दुसऱ्या दिवसापर्यंत बसणं त्याच्या बांधणीतच नाही. टँक, फिल्टर, पाणी सगळं नीट असूनही बटरफ्लाय मरतात ते बहुतेक उपासमारीने, म्हणून जात निवडतानाच "हा काय खातो?" हे आधी बघायचं.

घेऊ नका: ट्रायफॅशिआलिस (शेवरॉन), ऑर्नेटिसिमस, मेयेरी, लुन्युलॅटस, बॅरोनेसा, ऑक्टोफॅसिएटस. यांचं जेवण म्हणजे जिवंत कोरल. शेवरॉन तर जवळपास अॅक्रोपोरा या कोरलवरच जगतो. आपल्याकडे खडक बांधणारे कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. "लाइव्ह रॉक" किंवा कोरलचे तुकडे कोणी गुपचूप देत असेल तर तेही नको. सिरॅमिक किंवा कृत्रिम खडक घ्या.

पहिल्यांदा घेणाऱ्याने: ऑरिगा (२३ सेंमीपर्यंत वाढतो), रकून म्हणजे ल्युन्यूला (२० सेंमी), व्हॅगाबाँड आणि त्याचा हिंदी महासागरातला भाऊबंद डेकुसॅटस, क्लाइनी (१५ सेंमी, यादीतला सगळ्यात लहान आणि माझ्या मते सगळ्यात समजूतदार), हेनिओकस. कॉपरबँड दुसऱ्या फेरीत. दिसायला तोच सगळ्यांना हवा असतो, हे माहीत आहे.

हेनिओकस म्हणून मूरिश आयडॉल गळ्यात पडू देऊ नका. शेपटी बघा: पिवळी असेल तर हेनिओकस, काळी असेल तर आयडॉल. आयडॉल बटरफ्लाय नाहीच, आणि खाण्याच्या बाबतीत कॉपरबँडहूनही नखरेल.

टँक ४×२×२ फुटांच्या खाली नको. तयार झाल्यावर किमान सहा महिने चालू असलेला हवा, कालपरवा सायकल झालेला (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू नुकतेच जमलेला) नाही.

सिडको_तिसरा_मजला

छान सुरुवात. ४×२×२ म्हणजे नक्की किती लिटर? तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये स्लॅबला झेपेल का? काच १० मिमी चालेल असं टँक बनवणारा म्हणतो.

संपवाले काका

१६ घनफूट, गुणिले २८.३, म्हणजे काठोकाठ ४५३ लिटर. वजनाचा हिशोब मांडू. १२ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला ३० किलो. तळ आणि चार बाजू मिळून साधारण ३ चौरस मीटर, म्हणजे ९० किलो नुसती काच. पाणी ४०० किलोच्या वर, खडक ३०-४०, लोखंडी स्टँड, खाली संपमधलं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी. सहाशे-साडेसहाशे किलो सहज. आणि हे सगळं पाऊण चौरस मीटरवर.

राहत्या घराच्या स्लॅबला आयएस ८७५ (इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक) मध्ये चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात, साधारण २०० किलो, पण ते खोलीभर पसरलेलं. त्यामुळे टँक हॉलच्या मध्यावर, सोफ्याच्या पाठीमागे वगैरे नको. भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे, शक्यतो कॉलमच्या कोपऱ्यात. जुनी इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा जागा दाखवा. बाल्कनी तर विसराच.

काच १२ मिमीच घ्या आणि वरून चारी बाजूंनी काचेची पट्टी (युरोब्रेस) लावून घ्या. दोन फूट उंचीला दाब उंचीमुळे येतो, लांबीमुळे नाही, पण लांबी वाढली की मधोमध काच फुगते. १० मिमीवर टँकवाल्याचे पैसे वाचतात, तुमचे नाही. स्टँड स्पिरिट लेव्हल लावून तपासा, टँकखाली थर्माकोलची शीट घाला, आणि सिलिकॉन आठवडाभर वाळू द्या.

कॉलेजरोड_अनु

पाण्याचं काय? गंगापूर धरणाचं पाणी तसं गोड आहे. घरचा आरओ आहेच, त्याचं पाणी वापरलं तर?

मीठभाकर

घरच्या आरओत बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अॅडजस्टरचा स्क्रू असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, वर मिनरल कार्ट्रिज असतं ते वेगळंच. पिण्याला उत्तम, मरीन टँकला निरुपयोगी. वेगळी लाइन काढायची: सेडिमेंट फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. मेम्ब्रेन नव्वद-पंच्याण्णव टक्के क्षार अडवते, म्हणजे आत २०० टीडीएस गेलं तर बाहेर १०-२० उरतं. ते उरलेलं डीआय काढतं. मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. दोनवर गेलं की रेझिन बदला, रंग पूर्ण उडायची वाट बघू नका. क्लोरीन कार्बनमध्येच अडतं, म्हणून कार्बन जुना झाला की आधी मेम्ब्रेन मरते. पावसाळ्यात गाळ वाढतो, पाच मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर जुलै-ऑगस्टमध्ये लवकर तुंबतो, एक जास्तीचा आणून ठेवा. बोअरचं पाणी असेल तर रेझिनचा खर्च दुप्पट धरा.

मीठ: समुद्री मिश्रणच हवं, लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम. स्वयंपाकाचं किंवा खडा मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, अल्कलिनिटी काही नाही. पूर्ण टँक पहिल्यांदा भरायला १६-१७ किलो, नंतर आठवड्याला दहा टक्के बदलायला दीड-पावणेदोन किलो लागतं. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. उलट केलंत तर कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतो आणि परत विरघळत नाही. पंप लावून २४ तास फिरवा, मग मोजा.

रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन) आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्यावर लावा.

आकडे: घनता १.०२४-१.०२५, तापमान २४-२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत.

पंचवटीकर

मुंबईच्या समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं तर? मीठ फार महाग पडतंय.

संपवाले काका

किनाऱ्यालगतच्या पाण्यात काय काय येऊन मिळतं ते मुंबईत एकदा भरतीच्या वेळी उभं राहून बघा. शिवाय ४५० लिटर पाणी कसारा घाट चढवायचं म्हणजे मिठापेक्षा डिझेल महाग.

इंदिरानगरी

एप्रिल-मेमध्ये तापमान कसं आवरता? दुपारी घरात ३५ असतं. आणि डिसेंबर-जानेवारीत उलटंच.

गोदाकाठ

या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत, कारण आपला उन्हाळा कोरडा. ज्या कारणाने आपल्याकडे डेझर्ट कूलर चालतो त्याच कारणाने टँकवरचा पंखाही चालतो. पाऊण लिटरच्या आसपास पाणी उडालं की ४५० लिटर पाण्याची एक अंश उष्णता घेऊन जातं. संपवर आणि टँकवर कॉम्प्युटरचे १२ व्होल्टचे दोन-दोन पंखे तिरके लावले की तीन-चार अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट, पंख्याचा परिणाम निम्माही राहत नाही, पण तेव्हा खोलीच २६-२७ असते.

याची किंमत म्हणजे बाष्पीभवन. मे महिन्यात दिवसाला ५-७ लिटर उडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही. पाच दिवस लक्ष दिलं नाही तर ३५ पीपीटीचं ३७च्या पुढे जातं. भर घालायची ती डीआयच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही. ही चूक पुन्हा पुन्हा होते म्हणून सांगतो.

दुपारभर ३० अंशांच्या वर जात असेल तर चिलर घ्या, पाव ते एक-तृतीयांश एचपी. तो स्टँडच्या कपाटात बंद करून ठेवू नका. स्वतःचीच गरम हवा ओढतो आणि चोवीस तास चालूनही गार करत नाही.

थंडीसाठी ५०० वॉटचा एक हीटर नको, २००-२५० चे दोन घ्या. थर्मोस्टॅट बिघडतो तो बहुतेक चालू अवस्थेत चिकटून बसतो. ५०० वॉट चिकटला तर सकाळपर्यंत रस्सा. दोनातला एक चिकटला तर मासे वाचतात, एक बंद पडला तर दुसरा निभावून नेतो. घरात आरसीसीबी नसेल (३० मिलिअॅम्पिअरचा) तर टँकच्या आधी तो बसवा, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल.

सिडको_तिसरा_मजला

लाइट गेल्यावर संप ओसंडून वाहतो असं ऐकलंय. खरं आहे का?

संपवाले काका

चुकीचा बांधला तर वाहतो. रिटर्न पंप (संपमधून पाणी वर टँकमध्ये चढवणारा) थांबला की त्याच पाइपातून पाणी उलटं खाली येतं, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत. तुमच्या टँकचा पृष्ठभाग ०.७४ चौरस मीटर, म्हणजे दर सेंटिमीटरला ७.४ लिटर. तोंड पाच सेंमी बुडालेलं असेल तर ३७ लिटर खाली. संपमध्ये तेवढी जागा मोकळी हवी, नाहीतर तिसऱ्या मजल्याचं पाणी दुसऱ्या मजल्यावर. रिटर्न पाइपाला पाण्याच्या रेषेखाली अर्धा सेंमीवर ५-६ मिमीचं भोक पाडा. पातळी उतरली की हवा शिरते, सायफन तुटतो. भोकात शेवाळ धरतं, महिन्यातून एकदा टूथपिक घाला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो.

संप भरून झाल्यावर स्वतः मेन स्विच बंद करून बघा. मासे आणायच्या आधी, नंतर नाही.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घुमतात आणि तापतात. हीटर, चिलर इन्व्हर्टरवर घेऊ नका, फक्त वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) आणि रिटर्न. दोन्ही मिळून ६०-७० वॉट, १५० एएचची बॅटरी चांगली असेल तर रात्र निघते.

शिंपला

कॉपरबँड आणून तीन दिवस झाले. काही खात नाही. पॅकेटमधल्या गोळ्या समोरून वाहत जातात, बघतही नाही. पाठीच्या परावर काळा गोल डाग आहे, फंगस असेल का?

मीठभाकर

डाग जन्मजात आहे, खोटा डोळा. खरा डोळा पट्ट्यात लपतो, मागचा दाखवतो, म्हणजे शत्रूचा नेम चुकतो. रात्री लाइट लावून बघितलंत आणि रंग फिका, मळकट दिसला तरी घाबरू नका, या कुळातल्या बऱ्याच जाती रात्री रंग बदलतात.

खाण्याचं मात्र तातडीचं. गोळ्या बंद. कॉपरबँडला वाहतं अन्न ओळखू येत नाही, त्याला फटीतून ओढून काढायचं असतं. आजच तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणा. नीट धुवा, सुरीने उघडा, अर्धी शिंपली मांसासकट दोन खडकांच्या मध्ये उभी खोचा, मांस बाहेरच्या बाजूला. पंप दहा मिनिटं कमी करा आणि लांब जाऊन बसा. मासा आधी एका डोळ्याने बघेल, वळेल, दुसऱ्या डोळ्याने बघेल, मागे सरेल. हे पाच-सात वेळा चालतं. मग ते चिमट्यासारखं तोंड शिंपलीच्या कडेला जातं आणि एक लहानसा झटका बसतो. तो झटका दिसला की अर्धी लढाई जिंकली. दोन तासांत उरलेलं मांस काढून टाका, नाहीतर रात्रीत अमोनिया.

तिसऱ्यांनाही तोंड लावलं नाही तर जिवंत किडे: ट्युबिफेक्स स्वच्छ धुऊन, नाहीतर ब्लॅकवर्म. गोड्या पाण्यातले असल्याने खाऱ्यात काही मिनिटांतच मरतात, म्हणून चिमूटभरच, पण हलतात म्हणून तो बघतो. घरी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवले झिंगे) उबवा: लिटरला २५-३० ग्रॅम मीठ, एक ग्रॅम अंडी, २८ अंश, जोरात हवा, वर उजेड, २४ तास. चालायला लागला की त्याच शिंपलीवर बारीक चिरलेली कच्ची कोलंबी, मायसिस (झिंग्यासारखे बारीक जीव) चोपडून द्या, हळूहळू शिंपली नुसती ताटली उरते.

कॉलेजरोड_अनु

सुका जवळा चालेल का? घरात कायम असतो :)

गोदाकाठ

तो चटणीलाच ठेवा. कडक, टोकदार, बऱ्याचदा वाळू आणि मीठ लागलेला. ताजा जवळा मिळाला तर मात्र सोनं. धुऊन पातळ थरात फ्रीज करा आणि बोटाएवढे तुकडे मोडून द्या, ऑरिगा आणि रकून तुटून पडतात.

नुसत्या तिसऱ्यांवर महिनोन्महिने ठेवू नका. कच्च्या शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं. अन्न बदलतं ठेवा आणि आठवड्यातून दोनदा जीवनसत्त्वाचे थेंब अन्नावर टाकून दहा मिनिटं मुरू द्या. दिवसाला तीन-चार वेळा, थोडं थोडं. पोट बघू नका, कपाळ बघा. समोरून पाहिल्यावर डोळ्यांच्या वर, डोक्यामागे खळगा दिसतोय का? तो दिसला की मासा आठवड्यांपासून उपाशी आहे.

मीठभाकर

म्हणूनच दुकानात पैसे द्यायच्या आधी "समोर खायला घाला" म्हणायचं. नाही म्हणाले तर परत फिरा. अॅडव्हान्स देऊन आठवडाभर त्यांच्याकडेच ठेवायची तयारी दाखवा. कॉपरबँड ८-१० सेंमीचा बघा. फार लहान उपासाला टिकत नाही, मोठा सवयी बदलत नाही. तोंडाचं टोक सोललेलं, एकच कल्ला हलतोय, मान झटकतोय, असा नको.

पंचवटीकर

मुंबईहून आणताना पिशवीत चार-पाच तास जातात. घरी आल्यावर ड्रिप (पिशवीत टँकचं पाणी थेंब थेंब मिसळणं) किती वेळ?

संपवाले काका

पिशवी एक-तृतीयांश पाणी, दोन-तृतीयांश ऑक्सिजन, थर्माकोलच्या पेटीत, अंधारात. आता गंमत. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघड्या पिशवीत दोन-दोन तास ड्रिप म्हणजे विषाच्या वाटीत बसवणं. दुकानात घनता विचारा, तिथे बऱ्याचदा १.०१८-१.०२० असते. क्वारंटाइन टँक (नव्या माशाला आधी वेगळं ठेवायचा) आधीच तितक्यावर आणून ठेवा. पिशवी २० मिनिटं तरंगवा, मासा हलक्या हाताने आत सोडा, पिशवीचं पाणी मोरीत. मग रोज ०.००१ ने चढवत १.०२५ करा.

मीठभाकर

क्वारंटाइन टाळलंत तर बाकीचा धागा वाचून उपयोग नाही. २ फूट × १५ इंच × १५ इंच, साधारण ८० लिटर, खाली वाळू नाही, दोन-तीन पीव्हीसी एल्बो लपायला, आणि मुख्य संपमध्ये महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर. चार ते सहा आठवडे.

बटरफ्लायला फ्लूक्स (बारीक चपटे परजीवी किडे) फार लागतात, कल्ल्यांतही आणि अंगावरही. तपासायला गोड्या पाण्याची डुबकी: आरओचं पाणी, तेच तापमान, खायचा सोडा घालून पीएच ८.२ वर, मासा सोडायच्या आधी अर्धा तास हवा चालू. काळ्या रंगाचं टब घ्या. पाच मिनिटं मासा आत, डोळ्यांसमोर. तळाशी तिळाच्या पाकळीसारखे पांढरे कण पडले तर ते फ्लूक्स. मासा आडवा पडून कल्लेही मंदावले तर वेळ बघत बसू नका, बाहेर काढा. औषध प्राझिक्वाँटेल, लिटरला २.५ मिग्रॅ, ८० लिटरला २०० मिग्रॅ. ते पाण्यात सहज विरघळत नाही, बारीक खलून थोड्या पाण्यात हलवून घाला, हवा वाढवा, कार्बन आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. डुबकीने आणि औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून पाच-सात दिवसांनी दुसरा डोस. गोळ्या जनावरांच्या डॉक्टरला विचारून घ्या.

पांढरे ठिपके (मरीन इक) असतील तर टँक ट्रान्सफर. हा परजीवी मासा सोडून तळाशी कोष करतो आणि कोष फुटायला किमान तीन दिवस लागतात. म्हणून ७२ तास भरायच्या आत मासा दुसऱ्या कोरड्या, स्वच्छ टँकमध्ये, नव्या पाण्यात. असं चार वेळा, बारा दिवस. पाइप, हीटर, जाळी, काही म्हणजे काही ओलं पुढे न्यायचं नाही. मखमली रोगावर (व्हेल्व्हेट) हे चालत नाही, त्याला तांबं लागतं: आयनिक असेल तर ०.१५ ते ०.२० मिग्रॅ/लिटर, सकाळ-संध्याकाळ टेस्ट करून. चिलेटेड तांब्याचं माप वेगळं, बाटलीवरचं पाळा. मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नाही, गोगलगायी-झिंगे मरतात आणि खडक ते शोषून बसतात.

परांच्या कडेला फुलकोबीसारखी पांढरी गाठ म्हणजे लिम्फोसिस्टिस. विषाणू आहे, औषध नाही, पाणी आणि खाणं नीट असेल तर आपोआप गळते. उगाच तांबं ओतू नका.

सिन्नरफाटा

आमच्याकडे झिओलाइट ढिगाने. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर बघत राहावं. अमोनिया शोषतं म्हणतात, क्वारंटाइनमध्ये टाकू? आणि खडक म्हणून आपला काळा दगड?

गोदाकाठ

गोड्या पाण्यात शोषतं. खाऱ्यात सोडियम इतकं असतं की झिओलाइटच्या सगळ्या जागा तेच अडवतं, अमोनियाला बसायला जागा नाही. उलट गोड्या पाण्यात भरलेलं झिओलाइट खाऱ्यात टाकलं तर शोषलेला अमोनिया परत सोडतं (मिठाच्या पाण्यात धुऊनच ते पुन्हा वापरतात). काळा दगड जड आणि घट्ट. जिवाणूंना राहायला छिद्रं हवीत, त्याला ती नाहीत. शोभेला एखादा ठीक.

इंदिरानगरी

सोबत कोण चालेल? काचेवर एप्टेशिया (नको असलेला लहान अॅनिमोनी) झालाय, तो खाईल असं वाचलं.

मीठभाकर

रकून, क्लाइनी, कॉपरबँड बहुधा खातात, पण हमी नाही. एप्टेशिया संपला की उपाशी राहील असा मासा आणू नका, आधी शिंपली खाणारा हवा. अॅनिमोनी, ट्यूबवर्म असतील तर तेही जातील. कॉपरबँड एका टँकमध्ये एकच. ट्रिगर मासा नको. टँग मासे ठेवायचे असतील तर बटरफ्लायच्या नंतर सोडा, आधी बसलेला टँग नव्याला कोपऱ्यातून बाहेर येऊ देत नाही.

शिंपला

अपडेट: तिसरी शिंपली, आज सकाळी तो झटका दिसला! दिवाळीत पाच दिवस गावी जायचंय, ऑटो फीडर लावू का?

संपवाले काका

फीडरमध्ये सुकं अन्न, आणि तुमचा मासा सुकं खात नाही. शेजाऱ्यांना शिकवा: बर्फाच्या ट्रेमध्ये दिवसाचे घास मोजून फ्रीज करा, एका खणात एका वेळचं, ट्रेवर वार लिहा, बाकीचं अन्न कुलपात. शेजारी प्रेमाने दुप्पट घालतात.

भर घालायला फ्लोट व्हॉल्व्ह (पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारा), पण त्याला आरओची लाइन थेट जोडू नका. ३० लिटरचा कॅन जोडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवसाला ४-५ लिटर उडेल, पाच दिवसांना पुरतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी ३० लिटरच आत जाईल, ३५ पीपीटीचं ३३ होईल, मासा जगेल. तेवढी जागा संपमध्ये मोकळी आहे ना, ते मात्र निघायच्या आधी कॅन रिकामा करून बघा.